वेचणीची वही

आमच्या घरात कापूस वेचणीच्या हिशेबाची एक लांबट वही आहे, लाल पुठ्ठ्याची. डावीकडे बायांची नावं, मधे किलो, उजवीकडे रुपये. आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी चुकारा करायचा असतो, म्हणून ती हरवून चालत नाही. सपरीतल्या खुंटीला पिशवीत टांगलेली असते. मुलगी झाली त्या वर्षी दवाखान्यातून घरी आले तेव्हा हाताशी दुसरा कागद नव्हता. मी त्याच वहीच्या एका कोऱ्या पानावर लिहिलं : २ किलो ४०० ग्राम. तेव्हापासून तिच्या गोष्टी कापसाच्या हिशेबातच राहिल्या. एका पानावर सहा बायांची नावं, त्याखाली 'आज पालथी पडली', त्याखाली पुन्हा किलो.

आता ती सव्वातीन वर्षांची आहे. घरात तिला चिमणी म्हणतात, इथंही तेच लिहिते. गाव हिंगणघाट तालुक्यातलं, काळ्या मातीचं. कापूस, सोयाबीन, तूर. पाच एकर वावर, एक बैलजोडी. घरात मामाजी म्हणजे माझे सासरे, आत्याबाई म्हणजे सासूबाई, हे आणि मी. या वर्षीच्या पहिल्या वेच्याच्या आधी जुने दर पाहायला वही काढली आणि हिशेब बाजूलाच राहिला. तासभर तिच्याच ओळी वाचत बसले.

वजनाची ती पहिली ओळ लिहिताना मला फार भीती वाटत होती. अडीच किलोच्या आतलं बाळ म्हणजे जपायचं बाळ, एवढं दवाखान्यात सांगितलं होतं. पहिल्या दीड महिन्यात आशाताई सहा वेळा घरी आल्या : तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. आल्या की आधी साबणानं हात धुवायच्या, मग घड्याळ धरून तिचा श्वास मोजायच्या, काखेत थर्मामीटर लावायच्या आणि शेवटी कापडाच्या झोळीत घालून वजन करायच्या. मला वाटायचं, हे कागद भरायचं काम असेल. पुढं वाचण्यात आलं की घरी येऊन बाळ पाहायची ही रीत आपल्या विदर्भातच उभी राहिली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायांना शिकवून ती करून दाखवली, १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष छापून आले, आणि नंतर ती देशभरातल्या आशाताईंच्या कामात आली. हे कळल्यावर त्यांच्या त्या घड्याळाकडे मी वेगळ्याच मनानं पाहायला लागले.

आत्याबाईंना मात्र त्या काळात फार जड गेलं. बाळाला तेल चोळून कढत पाण्यानं अंघोळ घालायची, शेक द्यायचा, ही त्यांची सगळी हौस. आशाताई म्हणाल्या, वजन वाढेपर्यंत अंघोळ नको, ओल्या फडक्यानं पुसा आणि आईच्या उघड्या छातीशी धरा. आत्याबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच दाराला लुगडं लावून आडोसा केला आणि म्हणाल्या, "धर बाई तिले पोटाशी, मी पाहते घराचं." माझ्या बाळंतपणातली सगळ्यात मोठी मदत ती होती, असं आजही मला वाटतं.

सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही दिलं नाही. उष्टावणाला माझा भाऊ आला, चांदीच्या नाण्यानं त्यानं खीर चाटवली, तिनं तोंड वाकडं केलं, सगळे हसले. वहीत त्या दिवशीचं वजन आहे ६ किलो १०० ग्राम. त्यानंतर माझ्या हातून एक चूक झाली आणि ती तीन महिने चालली. रोज दुपारी आणि संध्याकाळी मी तिला वरणाचं पाणी पाजत होते. वरचं वर निवळलेलं, मीठ घालून, वाटीभर. वाटी रिकामी झाली की मला बरं वाटायचं. नवव्या महिन्यात दात येताना जुलाब झाले. मीठ-साखरेची पुडी पाण्यात घालून पाजली, जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस दिल्या. ती बरी झाली, पण अंगणवाडीतल्या काट्यावर ६ किलो ४०० भरली आणि तक्त्यावरचा ठिपका पिवळ्या पट्ट्यात गेला.

सेविकाताईंनी मला रागे भरलं नाही. त्यांनी विचारलं, "काय खाते?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिचं पोट तिच्या मुठीएवढं. ते तू पाण्यानं भरून राहिली." आणि मला त्यांच्याच चुलीपाशी बसवून दाखवलं : तांदूळ आणि मुगाची डाळ भाजून भरड काढायची, घट्ट शिजवायची, चमचा वाकडा केला तर लगेच गळून पडायला नको इतकी घट्ट, आणि वरून एक चमचा कच्चं तेल नाहीतर शेंगदाण्याचा बारीक कूट. अंडं उकडून त्यातलं पिवळं. तिची वाटी वेगळी ठेवायची, म्हणजे तिनं किती खाल्लं ते कळतं. घरी कोणाला हे पटेना, एवढ्याशा जिवाला घट्ट कसं पचेल म्हणून. मी आठ दिवस हट्टानं केलं. वाटी पूर्वीच्या निम्मी होती, पण दोन खाण्यांच्या मधलं तिचं किरकिरणं थांबलं. वाढदिवसाला वजन ७ किलो ४००. ठिपका परत हिरव्यात आला. या ओळीखाली मी दोन रेघा मारल्या आहेत.

दात, लसी, पहिलं रांगणं या ओळी वहीत भराभर येऊन जातात. त्यांचं मला फारसं काही आठवत नाही. खरं सांगायचं तर त्या महिन्यांत मी फक्त दमलेली होते.

पहिलं पाऊल मात्र विसरता येत नाही, कारण ते मी पाहिलंच नाही.

दिवाळीनंतरचा दुसरा वेचा होता. त्या दिवसांत मी तिला वावरात नेत असे. धुऱ्यावरच्या कडुलिंबाला आत्याबाईंच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा झुला बांधायचा, खाली गोणपाट, जवळ पाण्याचा गडवा. ती झोपायची, उठायची, कपाशीची बोंडं चाचपायची. त्या दिवशी तिला सर्दी होती आणि सकाळी दव फार होतं, म्हणून घरीच ठेवली. ती पंधरा महिन्यांची झाली होती. शेजारची मुलगी अकराव्या महिन्यात चालायला लागली होती आणि येणारं-जाणारं प्रत्येक माणूस मला त्याची आठवण करून देत होतं. पुस्तिकेत लिहिलेलं मला पाठ होतं, दीड वर्षापर्यंत वाट पाहायला हरकत नाही. तरी रोज रात्री मी तिचे पाय दाबून पाहायचे, त्यात जोर आहे का म्हणून.

अंधार पडता पडता घरी आले. गाठोडी उतरवली, वजनं झाली, वही उघडली तर त्या दिवसाच्या पानावर आधीच एक ओळ होती. अक्षर मामाजींचं, थरथरतं, मोठं : 'चिमणी चार पावलं. तुळशीपासून माझ्यापर्यंत.'

मी न्हाणीत जाऊन रडले. आनंद होताच, पण जास्त काय होतं ते मला सांगता येणार नाही. आत्याबाईंना कळलं. त्या बाहेरूनच म्हणाल्या, "कायले रडते वं? माह्या पोराचं पहिलं पाऊल मीबी नाही पाह्यलं. निंदाले गेली होती. मले त सासूनं सांगितलंबी नाही, दोन दिवसांनं मीच पाह्यलं." मी बाहेर आले. त्या तव्यावर भाकर टाकत होत्या, मान खाली. पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट त्यांनी मला पहिल्यांदा सांगितली होती.

त्यानंतर चार दिवस चिमणी माझ्यासमोर एक पाऊलही चालली नाही. मला पाहिलं की खाली बसायची आणि हात वर करायची. पाचव्या दिवशी मी चुलीशी होते, तिच्याकडे लक्ष नव्हतं, आणि माझ्या पाठीला काहीतरी टेकलं. ती चालत आली होती.

आता ज्याबद्दल लिहायला बसले तिथं येते. चिमणी बोलत नव्हती.

दीड वर्षाची झाली तेव्हा 'मम', 'बा' आणि 'आ' एवढंच. 'आ' म्हणजे मी, कोंबडी, पाणी, सगळं. हवं ते दाखवायला बोट करायची नाही. माझा हात ओढून तिथं न्यायची आणि माझ्याच हातानं घ्यायची. आम्ही म्हणायचो, उशिरा चालली तशी उशिरा बोलेल. आत्याबाई म्हणायच्या, "तिचा बाप तीन वर्षांचा झाला तवा बोलला, आता थांबते का?" ते ऐकून मलाही धीर यायचा. पुढं पेरणीचे दिवस आले. सकाळी सहाला स्वयंपाक, नऊला वावरात, आणि चिमणी घास तोंडात धरून बसायची. एक दिवस मी तिच्यापुढं मोबाईलवर गाण्यांचं कार्टून लावलं. तोंड आपोआप उघडलं. दहा मिनिटांत वाटी रिकामी. दुसऱ्या दिवशीही लावलं. डवरणी, निंदण, खत, फवारणी, पावसाळ्याचे दिवस असेच जात राहिले. सकाळी, दुपारी आत्याबाईंजवळ, रात्री पुन्हा. मी एकदा घड्याळ लावून मोजलं तर दिवसाचे साडेतीन तास झाले. तो आकडा वहीत आहे. लिहिताना हात अडखळला होता, पण लिहिला.

ती खायची, वजन वाढत होतं. पण घास भरवणाऱ्याच्या तोंडाकडे ती पाहायची नाही. कोण भरवतंय, काय भरवतंय, तिला पत्ताच नसे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. ते आलं तेव्हा चिमणी दोन वर्षांची होत आली होती. डॉक्टरबाईंनी मागून हाक मारली, ती वळली. त्यांनी विचारलं, कान वाहतो का, बोट करून दाखवते का, दोन शब्द जोडून बोलते का. मी तिन्हींना 'नाही' म्हटलं. त्यांनी चिठ्ठी दिली : जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन कान तपासा, आणि बोलणं शिकवणाऱ्या ताईंना भेटा.

एसटीनं गेलो, हे आणि मी. मला आठवतं, खिडकीबाहेर सगळीकडे हिरवं होतं आणि आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. तपासणी मात्र सोपी निघाली. कानात एक मऊ बोंडी बसवली, तिला शांत मांडीवर धरायला सांगितलं, काही मिनिटांत झालं. कान चांगले होते. मग त्या ताईंनी आम्हाला समोर बसवलं आणि दिवसभर घरात काय काय होतं ते विचारलं. मोबाईलचं मी दबक्या आवाजात सांगितलं. त्या म्हणाल्या, "याच्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही, ते कोणालाच सांगता येत नाही. पण जेवढा वेळ ती तिकडे, तेवढा वेळ तिच्याशी कोणी बोलत नाही, एवढं तर खरं ना?" नंतर मी वाचलं, जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगून ठेवलंय की दोन वर्षांच्या आतल्या लेकराला पडदा नकोच, आणि पुढं चार वर्षांपर्यंत फार तर तासभर. पण मला पटलं ते ताईंच्या त्या एका वाक्यानं.

त्यांनी सांगितलेल्या गोष्टी ऐकायला इतक्या साध्या होत्या की मी परत परत विचारलं, औषध काही नाही का? तिच्या डोळ्यांच्या उंचीला बसून बोला. जे काम करता ते तोंडानं सांगत करा. 'पोळी की भात?' असं दोन्ही हातात धरून विचारा आणि मग थांबा. मनात दहा आकडे मोजा. ती हात ओढेल, तरी मोजा. आपण लेकरासाठी उत्तर देऊन टाकतो, ते देऊ नका.

घरी आल्यावर तीन दिवस रडारड झाली. पहिल्या दिवशी ती जेवलीच नाही. दुसऱ्या दिवशी मामाजी तिला खांद्यावर घेऊन गावभर फिरले. तिसऱ्या रात्री मलाच वाटलं, द्यावा, काय होतं एवढ्यानं. पण यांनी मोबाईल उचलून कोठीवर ठेवला, माझ्या हाताला येणार नाही असा. चौथ्या दिवशी तिनं अर्धी भाकर वरणात कुस्करून खाल्ली. तिची सवय चार दिवसांत सुटली. आमची सुटायला चार महिने लागले.

जेवताना हे कापसाचे भाव पाहायचे. मी माहेरच्या बायांचे निरोप ऐकायची. आत्याबाईंची मालिका साडेसातला आणि जेवणंही साडेसातला. ताट वाढलं की चारी माणसं चार दिशांना पाहायची आणि त्या मधोमध ते लेकरू. आम्ही ठरवलं, साडेसहाला जेवायचं, मोबाईल सगळे कोठीवर. पहिल्या आठवड्यात जेवताना इतकी शांतता असायची की वाटीचा आवाज ऐकू यायचा. आम्हालाच बोलता येत नव्हतं. मग मामाजींनी सुरुवात केली. ते बैलांशी दिवसभर बोलतातच. तसंच ते ताटाशी बोलायला लागले. "हे पाह्य वांगं. आजीनं तोडलं. आता तोंडात जाते. गेलं!" चिमणी त्यांच्या तोंडाकडे पाहायला लागली. मग आत्याबाई. मग आम्ही. मी भाजी चिरताना सांगायचे, हे भेदरं (टमाटर), हे लाल, हा सांबार (कोथिंबीर), याचा वास घे. वावरात जाताना पांधणीनं तिला कडेवर न घेता चालवायला लागले. दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागायचा आणि त्यात किडे, शेण, बंडीची म्हणजे बैलगाडीची चाकोरी, सगळ्यांची नावं घेऊन व्हायची. कामाला उशीर व्हायचा. तो उशीर मी धरून चालले.

संध्याकाळी मामाजी प्रार्थनेला जातात. आमच्या भागात बहुतेक गावांत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना चालते. ते चिमणीलाही नेऊ लागले. सुरुवातीला ती दोन मिनिटांत उठायची. महिन्याभरानं हात जोडून शेवटपर्यंत बसली, आणि सगळ्यांचा सूर खाली आला की तिचाही 'ऊं' खाली यायचा. आम्हाला वाटलं नव्हतं की बोलण्याच्या आधी तिच्या तोंडून सूर येईल.

वहीत त्या महिन्यांच्या ओळी दाट आहेत. 'दे.' 'अजून.' 'नको', याला मी तीन वेळा गोल केला आहे. 'कोंबी' म्हणजे कोंबडी. बोट करून आकाशातलं विमान दाखवलं. पोळी की भात विचारलं, मी आठपर्यंत मोजलं आणि ती 'भा' म्हणाली. तो 'भा' ऐकून हातातला भात मी पोळीच्या ताटात टाकला.

आणि मग सव्वादोन वर्षांची असताना, सकाळी हे बंडी जुंपून निघाले. ती दारात उभी होती. बंडी वळणाआड गेली, घुंगरांचा आवाज कमी झाला. ती वळून मला म्हणाली, "बैय गेया."

बैल गेला. दोन शब्द, एकाला एक लावून. मी पळत पांधणीपर्यंत गेले आणि यांना हाका मारून बंडी थांबवली. त्या दिवशीची ओळ यांच्या हातची आहे. हे कधी काही लिहीत नाहीत.

सगळी लेकरं अशीच बोलतील असं मी म्हणणार नाही. ज्यांना जास्त मदत लागते त्यांना ती लवकर मिळायला हवी, आणि माझ्या ओळखीच्या कोणाचं लेकरू मागं राहिलेलं दिसलं तर 'बाप पण उशिरा बोलला होता' असं सांगून मी आता त्यांना थांबवत नाही. तपासून या, म्हणते. आम्ही सहा महिने वाया घालवले याचं मला अजून वाईट वाटतं. पण मला जे समजलं ते एवढंच की दात, पाऊल, शब्द हे सगळं मी वाट पाहत होते त्या तारखेला आलंच नाही. रोज तेच तेच करत राहिलो, त्यातूनच ते एखाद्या दिवशी बाहेर आलं, आणि बहुतेक वेळा माझी पाठ तिकडे असताना.

संडासाचं तसंच झालं. आमचा संडास घरामागं आहे, आत अंधार. ती दारातूनच ओरडायची. मी बाजारातून लहान मुलांचं प्लॅस्टिकचं भांडं आणलं, ते आधी अंगणात ठेवलं, मग रोज दोन पावलं संडासाकडे सरकवलं. झोपेतून उठल्यावर आणि जेवल्यावर बसवायचं, झालं तरी, नाही झालं तरी. ओली चड्डी दिसली तर कोणी ओरडायचं नाही, हा नियम मी घरात घालून दिला आणि तो सगळ्यात आधी मीच मोडला. एका सकाळी घाईत तिला रागावले आणि पुढचे आठ दिवस ती भांड्याजवळ आली नाही. मग पुन्हा अंगणापासून सुरुवात. दारापर्यंत पोचायला सव्वादोन महिने लागले. रात्रीचं अजून पक्कं नाही. थंडीत तर नाहीच.

हात धुण्याचं मामाजींनी केलं. ते गाडगेबाबांचे भक्त. बाबांचं शेंडगाव शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलंच. लहानपणी वडिलांकडून ऐकलेल्या खराट्याच्या गोष्टी ते तिला सांगतात आणि गोष्ट संपेपर्यंत हाताला साबण चोळतात. त्यामुळे तिचे हात गावातल्या कोणत्याही लेकरापेक्षा जास्त वेळ धुतले जातात. आता ती दारात उभी राहून आल्या-गेल्याला विचारते, "हात धुतये?" पाहुणेसुद्धा मुकाट्यानं न्हाणीकडे जातात.

या वर्षीचा तान्हा पोळा मात्र मी पूर्ण पाहिला. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरांचा पोळा भरतो. वर्धा जिल्ह्यात त्याचं फार अप्रूप, सिंदी रेल्वेचा तर नावाजलेला. मामाजींनी सुतारकाकांकडून चाकं लावलेला लाकडी नंदी करून घेतला होता. चिमणीनं त्याला स्वतः हळद-कुंकू लावलं, इतकं की त्याचे डोळे झाकले. मारुतीच्या देवळापुढं रांग लागली. मोठी पोरं झडत्या, म्हणजे पोळ्याची कवनं, म्हणत होती. मागच्या वर्षी ती यांच्या मांडीवरून उतरली नव्हती. या वर्षी दोरी स्वतःच्या हातात धरून उभी राहिली, मला हात लावू देईना.

मग घरोघरी बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागायला निघाली. मी दहा पावलं मागं. पहिल्या दोन घरांपुढं ती नुसती उभी राहिली. तिसऱ्या घरी मोठी आई बाहेर आली आणि तिनं मुद्दामच विचारलं, "काय पाह्यजे वं बाई?" मी तोंड उघडणार होते. मनात आकडे मोजायला लागले. चार, पाच, सहा. चिमणी म्हणाली, "बोजाया द्या." मोठ्या आईनं दहाची नोट दिली. ती तिथून हलेना. नंदीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "बैयाये बी द्या."

मोठी आई आत गेली आणि नंदीपुढं ठेवायला पुरणपोळीचा तुकडा घेऊन आली. त्या दिवशीच्या ओळीत मी ते वाक्य तिच्या बोलीतच लिहिलं आहे, नीट केलं नाही.

परवा पहिला वेचा झाला. झाडांना दही-भात वाहून सीतादही केलं, मग ओळी धरल्या. हिरवं लुगडं मी सवयीनं बरोबर नेलं होतं. कडुलिंबाखाली उभी राहिले तेव्हा लक्षात आलं, ती आता त्यात मावत नाही. ती तर माझ्या पुढच्या ओळीत होती, खालची बोंडं तिच्या उंचीला येतात ती काढत, काडीकचरा वेगळा करून फ्रॉकच्या ओच्यात भरत. हे तिला कोणी शिकवलं नाही, बायांचं पाहून. मी लुगडं जमिनीवर अंथरलं आणि त्यात आम्ही कापूस टाकायला लागलो. दुपारपर्यंत ते फुगून आलं. चार टोकं बांधताना गाठ तशीच बसली, झुल्याची बसायची तशी.

संध्याकाळी वजनाला तिनं स्वतःचा ओचा पुढं केला. मामाजींनी तो काट्यावर ठेवला. दोनशे ग्राम. दहा रुपये किलोनं दोन रुपये. त्यांनी वही उघडली, बायांच्या नावांखाली तिचं नाव लिहिलं, पुढं ०.२००, त्याच्यापुढं २, आणि खिशातून नाणं काढून तिच्या हातावर ठेवलं. ते घेऊन ती आधी हात धुवायला गेली.